डब्यावरचा शिक्का आणि बाटलीतले रक्त

वाचकहो, गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या वडिलांना साखरेचा आजार होता आणि आमचीही चाळिशी उलटली आहे. म्हणून एकदा रक्त तपासून घ्यावे असे मनात आले. सकाळी सात वाजता उपाशीपोटी आम्ही तालुक्याच्या गावी रक्त गोळा करण्याच्या एका केंद्रात जाऊन बसलो. तिथल्या मुलाने सफाईने रक्त काढले, साध्या बाटलीत भरले, नाव लिहिले आणि बाटली थर्माकोलच्या पेटीत ठेवली. पेटीत बर्फ नव्हता. अकराच्या सुमारास मोटारसायकल आली आणि पेटी शहरातल्या लॅबकडे गेली. संध्याकाळी कागद हातात पडला. उपाशीपोटीची साखर १०९. 'थोडी काठावर आहे, पण मधुमेह नाही,' असे ऐकून आम्ही समाधानाने घरी आलो, आणि त्या रात्री जेवणानंतर दोन आंबे खाल्ले, हेही कबूल करतो.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या कामासाठी एका इस्पितळात गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी सहज म्हणून पुन्हा रक्त घेतले. या वेळी करड्या टोपणाची बाटली होती आणि रक्त काढल्या काढल्या ती शेजारच्याच खोलीत यंत्रात फिरवली गेली. साखर आली १३१. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी केली, ती आली ६.८. दोन दिवसांची साखर तंतोतंत सारखी नसते हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु तीन महिन्यांची सरासरी पंधरा दिवसांत तयार होत नाही. म्हणजे पहिल्या कागदाने 'नाही' म्हटले त्या दिवशीही आजार अंगात होताच.

आम्ही त्या पहिल्या लॅबमध्ये विचारायला गेलो. मालक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी फ्रिज उघडून रसायनाचा डबा आमच्यापुढे ठेवला. डब्यावर परवान्याचा क्रमांक होता, बॅच क्रमांक होता, मुदत संपायला अजून पाच महिने होते. 'फादर, हे सरकारमान्य किट आहे,' ते म्हणाले. ते खरेच बोलत होते. डबा खरा होता, शिक्का खरा होता, आणि तरीही आमच्या हातातला कागद चुकीचा होता. हे कसे, याचा विचार आम्ही बरेच दिवस केला. आज तोच वाचकांपुढे मांडत आहोत.

प्रथम तपासणी कशी होते ते पाहू. आपल्या वडीलधाऱ्यांना बेनेडिक्टचे निळे द्रावण आठवत असेल. परीक्षानळीत लघवीचे थेंब टाकून उकळायचे, आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहायचे. त्यात ढोबळ अंदाजापलीकडे काही कळत नसे. आज लॅबमध्ये रक्तातली साखर मोजण्यासाठी एन्झाइम म्हणजे विकर वापरतात. आपल्याकडच्या लहान लॅबमध्ये बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असते. ते ग्लुकोजवर काम करते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतो, दुसरे विकर त्याच्या साह्याने गुलाबी रंग तयार करते, आणि रंग जितका गडद तितकी साखर जास्त असे यंत्र वाचते. मोठ्या लॅबमध्ये हेक्सोकायनेज हे विकर वापरतात. त्यात ३४० नॅनोमीटर लांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशकिरणांनी मोजणी होते, आणि ही पद्धत अधिक अचूक मानली जाते.

असे एखादे नवे रसायन किंवा यंत्र बाजारात यायचे तर सरकारची वाट ओलांडावी लागते. अमेरिकेत २८ मे १९७६ रोजी वैद्यकीय उपकरणांचा कायदा झाला. तेव्हापासून तिथले अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, उपकरणांचे धोक्यानुसार तीन वर्ग करते. लॅबमधली ग्लुकोज तपासणी दुसऱ्या वर्गात येते. तिच्यासाठी जो अर्ज करावा लागतो त्याला कायद्याच्या कलमावरून 'पाचशे दहा के' म्हणतात, आणि तो विक्री सुरू करण्यापूर्वी किमान ९० दिवस आधी द्यावा लागतो. अर्जात कंपनीने एवढे दाखवायचे असते की, आमची तपासणी बाजारात आधीपासून कायदेशीरपणे असलेल्या अमुक तपासणीच्या तोडीची आहे. त्यासाठी एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजून आकडा किती हलतो ते दाखवतात. कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती साखर बरोबर मोजता येते ते दाखवतात. काविळीचे रक्त, चरबीने दुधाळ झालेले रक्त, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्याचे रक्त यांनी आकडा बिघडतो का ते तपासतात. शेवटी रुग्णांचे नमुने जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी मोजून तुलना करतात.

हे सर्व जुळले म्हणजे एफडीए जे पत्र देते त्याला 'क्लिअरन्स' म्हणतात. 'अप्रूव्हल' हा शब्द तिथे वेगळा आहे. तो तिसऱ्या वर्गातल्या, अधिक जोखमीच्या उपकरणांना आणि नव्या औषधांना लावतात, आणि त्यासाठी कसोटी अधिक कडक असते. क्लिअरन्सचा अर्थ साध्या मराठीत असा: 'ही वस्तू आधीच्या वस्तूइतकी चांगली दिसते, विकायला हरकत नाही.' जाहिरातीत मात्र हा फरक पुसला जातो आणि सगळ्यालाच 'मान्यताप्राप्त' म्हटले जाते.

आपल्या देशात २०१७ साली वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. रोगनिदानाची किटे त्यांतच येतात. धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गांतल्या वस्तू बनवण्याचा परवाना राज्याचे औषध खाते देते, सी आणि डी वर्गांचा केंद्राचे खाते देते, आणि परदेशातून येणाऱ्या मालाचा परवानाही केंद्राकडूनच मिळतो. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. ही व्यवस्था उशिरा का होईना झाली, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. कोणत्याही पत्त्याशिवाय विकले जाणारे रसायन आपल्या माणसांच्या रक्तावर वापरले जाऊ नये, यात दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु शिक्का कशावर आहे हे नीट ओळखले पाहिजे. शिक्का डब्यावर आहे. तो लॅबवर नाही, रक्त काढणाऱ्या हातावर नाही आणि मोटारसायकलवरच्या पेटीवर तर मुळीच नाही.

आपण शेतकरी माणसे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर चिठ्ठी असते, तिच्यावर उगवणशक्ती लिहिलेली असते. ती चिठ्ठी खोटी नसते. पण तीच पिशवी दुकानदाराने ओल्या भिंतीला टेकवून ठेवली, किंवा आपण पाऊस न पाहता पेरणी केली, तर भात उगवत नाही. तेव्हा आपण चिठ्ठी दाखवून शेताशी भांडत नाही. बाटलीतल्या रक्ताचेही तसेच आहे. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातल्या पेशी काही वेळ जिवंतच असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या बाटलीत, खोलीच्या उष्णतेत, पेशी वेगळ्या न करता रक्त तसेच ठेवले तर साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के कमी होते. उन्हाळ्यात हा वेग अधिकच असतो. आता हिशेब करा. एखाद्याची खरी साखर १३२ आहे. तासाला ६ टक्के धरले तर एका तासाने ती १२४ होईल, दोन तासांनी ११७ आणि तीन तासांनी ११०. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर दोनदा आली की मधुमेह धरतात. म्हणजे तीन तासांच्या प्रवासात मधुमेही माणूस कागदावर निरोगी झाला. रसायनाने आपले काम चोख केले. बाटलीत उरली होती तेवढीच साखर त्याने मोजली.

करड्या टोपणाच्या बाटलीत फ्लोराइड असते, ते पेशींचे हे खाणे थांबवते. पण तेही लगेच थांबवत नाही. पहिला तास-दोन तास साखर थोडी उतरतेच. म्हणून उत्तम रीत अशी की, बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि अर्ध्या तासाच्या आत पेशी वेगळ्या कराव्यात. यासाठी विलायती यंत्र लागत नाही. रक्त फिरवण्याचे साधे यंत्र, बर्फ आणि घड्याळ एवढे पुरते.

अमेरिकेनेही हे अनुभवाने शिकले. १९८८ साली तिथे प्रयोगशाळांसाठी वेगळा कायदा झाला. त्यानुसार लॅबला वर्षातून तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच, असे बाहेरून नमुने येतात. त्यांत किती साखर आहे हे लॅबला सांगितलेले नसते. पाचांपैकी चार उत्तरे मर्यादेत यावी लागतात. ग्लुकोजसाठी ही मर्यादा पूर्वी १० टक्क्यांची होती, १ जानेवारी २०२५ पासून ती ८ टक्के केली आहे. म्हणजे डब्याची परीक्षा एक आणि डबा वापरणाऱ्याची परीक्षा दुसरी. आमच्या मते हाच शहाणपणा आहे.

शिक्का असूनही घात होतो याचे एक दुःखद उदाहरण तिथलेच आहे. बोटाला टोचून साखर मोजण्याच्या काही पट्ट्यांमध्ये एक असे विकर होते की, त्याला ग्लुकोज आणि माल्टोज यांतला फरक कळत नसे. या पट्ट्यांना रीतसर क्लिअरन्स होता. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना पोटातून डायलिसिस देताना आयकोडेक्स्ट्रिन नावाचे द्रावण वापरतात, त्याचे शरीरात माल्टोज होते. यंत्र ती सगळी बेरीज साखर म्हणून दाखवी. प्रत्यक्षात साखर खाली गेलेली असताना आकडा वर दिसे आणि रुग्णाला इन्शुलिन टोचले जाई. १९९७ ते २००९ या काळात अशा १३ मृत्यूंची नोंद एफडीएकडे झाली, आणि ऑगस्ट २००९ मध्ये तिने जाहीर इशारा दिला. पुढे कंपन्यांनी पट्ट्या सुधारल्या. शिक्का मारताना ज्याचा विचार झाला त्यापुरताच तो खरा असतो. इस्पितळाच्या खाटेवर नवीन परिस्थिती उभी राहते तेव्हा माणसाने जागे राहावे लागते.

याच्या उलट टोकालाही आज पुष्कळ लोक उभे आहेत. आमच्या एका तरुणाने इंटरनेटवरून मनगटी घड्याळ मागवले. सुई न टोचता साखर कळते असे त्याच्या जाहिरातीत होते. ते घड्याळ त्याने आपल्या मधुमेही आईच्या हाताला बांधले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने स्पष्ट बजावले की, त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला तिने परवानगी दिलेली नाही. त्या आकड्यावर कोणी इन्शुलिन घेतले तर जिवावर बेतेल. तेव्हा शिक्का पुरेसा नाही असे आम्ही म्हणतो, याचा अर्थ शिक्क्याशिवाय चालेल असा कोणी घेऊ नये.

आता आमचे मत. आपल्या गावच्या वाण्याच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का असावा लागतो, आणि ठरावीक मुदतीने तराजू पुन्हा तपासून घ्यावा लागतो. तराजू घेताना तो चांगला होता एवढ्यावर कायदा समाधान मानत नाही. काजू पाच-दहा ग्रॅमने कमी तोलू नयेत म्हणून आपण इतकी काळजी घेतो. मग ज्या आकड्यावर माणूस जन्मभर गोळ्या खाणार किंवा खाणार नाही, तो आकडा काढणाऱ्या लॅबचीही अशीच वेळोवेळी बाहेरून तपासणी का नसावी? आपल्या देशात एनएबीएलची मान्यता आहे, पण ती ऐच्छिक आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अनेक वर्षे देशभरच्या लॅबना अनोळखी नमुने पाठवून त्यांची उत्तरे तपासण्याची योजना चालवीत आहे. व्यवस्था घरात आहे, ती सर्वांना सक्तीची करावी एवढेच बाकी आहे. गोव्यात, कर्नाटकात किंवा अन्य कोठेही, ग्लुकोज मोजणाऱ्या प्रत्येक लॅबला अशी बाहेरची परीक्षा बंधनकारक असावी आणि तिचा निकाल दर्शनी भिंतीवर लावावा, असे आम्हांला वाटते.

यावर आमचे एक डॉक्टर मित्र म्हणाले, 'फादर, असे कराल तर खेड्यातल्या लहान लॅब बंद पडतील आणि लोकांना तीस किलोमीटर जावे लागेल.' हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. आमच्या धर्मग्रामातल्या कित्येकांना बसचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी मिळून तपासणीपेक्षा जास्त खर्च होतो. म्हणूनच सरसकट मोठी मान्यता सर्वांवर लादा, असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या मान्यतेला कागदपत्रे, माणसे आणि पैसा लागतो. पण अनोळखी नमुने तपासून उत्तर कळवणे हे लहान लॅबलाही झेपणारे आहे. जी लॅब एवढेही करू शकत नाही ती जवळ आहे म्हणून चांगली ठरत नाही. आम्ही तीस किलोमीटर वाचवले होते, आणि त्या कागदाच्या भरवशावर कदाचित दोन-तीन वर्षे औषधाविना काढली असती. त्या काळात डोळे आणि मूत्रपिंडे मुकाट्याने झिजतात.

हा प्रश्न थोडक्यांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही असल्याचा अंदाज आला, आणि सर्व राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के निघाले. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. आपल्या सीमाभागातल्या किती घरांचे नातेवाईक गोव्यात आहेत हे सांगायला नको.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती काय आहे? रक्त देताना चार गोष्टी विचारायला लाजू नका. साखरेसाठी करड्या टोपणाची बाटली वापरता का? माझे रक्त किती वाजता तपासले जाईल? इथेच की दुसरीकडे? आणि तुमच्या लॅबची बाहेरून तपासणी होते का? कागदावर रक्त काढल्याची आणि तपासल्याची अशा दोन्ही वेळा लिहिलेल्या असतील तर ती लॅब प्रामाणिक आहे असे समजायला हरकत नाही. काठावरचा आकडा आला, किंवा आकडा आणि अंगातली लक्षणे जुळत नसली, तर पुन्हा तपासून घ्या. एका कागदावर गोळी सुरू करू नका, आणि एका कागदावर बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा.

थोडे आपल्या शिबिरांविषयी. पावसाळ्यापूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आमच्या सभागृहात साखर तपासणी ठेवली होती. एका मावशींचा आकडा २१२ आला आणि त्या रडू लागल्या. चौकशी केली तर सकाळी घरी आंबे कापून, हात पदराला पुसून त्या तशाच आल्या होत्या. साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचले. आकडा ११८. गुऱ्हाळात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांचाही पट्टीवरचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. पट्टी ही मधुमेह असलेल्याने रोजची चढउतार पाहण्यासाठी आहे. आजार आहे की नाही हे लॅबच्या तपासणीनेच ठरवायचे. म्हणून यापुढे आमच्या शिबिरात आधी हात धुण्याची मोरी, मग सुई, असा क्रम राहील. कोणालाही 'तुम्हांला मधुमेह आहे' असे तिथे सांगितले जाणार नाही. आकडा जास्त आला तर चिठ्ठी देऊन लॅबकडे पाठवू.

त्या पहिल्या लॅबच्या मालकांकडे आम्ही परवा पुन्हा गेलो होतो. पेटीत आता बर्फ असतो आणि मोटारसायकल साडेसात वाजता निघते. टोपणेही करडी झाली आहेत. रसायनाचा डबा तोच आहे. विचारणारा एक माणूस भेटला म्हणून एवढे झाले. तालुक्यातल्या प्रत्येक केंद्रात असे विचारणारे दहा जण निघाले तर कायदा येईपर्यंत पुष्कळांचे डोळे वाचतील.